संग्रहालयाकडे गेलेले देव

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं खूप हसलात. मी पाठवलेल्या फोटोत अक्काआजी संग्रहालयातल्या काचेच्या कपाटापुढे अनवाणी उभी होती, आणि तिच्या चपला माझ्या हातात होत्या. "आजी, तिथं चपला काढाव्या लागतात का?" असं धाकटीनं विचारलं. नाही लागत. का काढल्या ते मी तेव्हा सांगितलं नाही, कारण अक्का माझ्या शेजारीच बसली होती. आता ती दुपारची झोपली आहे, म्हणून लिहिते.

अक्का ही तुमच्या आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद. लग्नानंतर लवकरच तिचे यजमान गेले आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा देवघर तिच्या ताब्यात होतं आणि बाकीचं घर सासूबाईंच्या. सासूबाई गेल्यावर बाकीचं घर माझ्याकडे आलं. देवघर तिच्याकडेच राहिलं. आता तुमचे आजोबाही नाहीत. आम्ही दोघीच आहोत, आणि आमचं चांगलं चाललं आहे.

मला प्रदर्शनं पाहायची सवय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. बंगळुरात कुठं ना कुठं काहीतरी मांडलेलं असतंच. मी सकाळच्या मेट्रोनं जाते, एका फेरीत एकच दालन पाहते आणि प्रत्येक पाटी वाचते. अक्काला घरी एकटं बसवत नाही, म्हणून ती बरोबर येते. तिला पाट्या वाचायच्या नसतात. ती थेट वस्तूंशी बोलते. जुन्या कापडांच्या प्रदर्शनात एका जरीकाठी लुगड्यापुढे उभी राहून ती म्हणाली, "हे बघ, वहिनी, असल्याची आपण पायपुसणी केली. तेव्हा कुणी सांगितलं नाही." एका नव्या पद्धतीच्या कलादालनात प्लास्टिकच्या खुर्च्या उलटसुलट रचून ठेवल्या होत्या. एक सुलटी होती, तिच्यावर ती बसली. रखवालदार धावत आला. "अम्मा, एळी, एळी! ते आर्ट आहे!" अक्का उठली नाही. "स्वल्प थांब रे," ती म्हणाली, "गुडघा मोकळा होऊ दे. मग देते तुझं आर्ट."

आता देवांचं सांगते.

आपल्या घरी चांदीचे तीन टाक होते. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, तळहातावर मावेल एवढा. एक घोड्यावरचा खंडोबा, एक भवानी, आणि तिसरा इतका झिजलेला की तो देव की देवी की कुणी पूर्वज, हे कुणालाच सांगता येत नसे. रोजच्या आंघोळीनं त्याचा चेहरा पुसून गेला होता.

हे देव आपले एकट्यांचे नव्हते. आपल्या भाऊबंदांची चार घरं, आणि देव एका घरी कायम ठेवायचे नाहीत अशी रीत. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाची तळी उचलायची, वांग्याचं भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि त्यानंतर देव पुढच्या घरी, वर्षभरासाठी. त्यांना पोचवायला कुणी जात नसे. ज्यांचं वर्ष असेल त्यांनी नारळ घेऊन यायचं आणि देव न्यायचे. मी नवी सून असताना यशवंतपूरचे दीर असे देव न्यायला आले होते. त्यांचं तिथं गुळाचं ठोक दुकान होतं. देव त्यांनी छातीशी धरून नेले, आणि अक्का आठवडाभर रिकाम्या देव्हाऱ्यापुढे दिवा लावून गप्प बसली. मी तेव्हा तिला विचारलं, "एवढं काय? वर्षानं येणारच ना?" ती म्हणाली, "येणारच. म्हणून तर गप्प आहे."

मग घरं कमी होत गेली. यशवंतपूरच्या दिरांनी दुकान विकलं आणि ते मुलाकडे परदेशी गेले. देवनहळ्ळीचं घर विमानतळाच्या बाजूनं वाढलेल्या वसाहतीत गेलं, आणि तिथल्या मुलांनी नम्रपणे सांगितलं की आम्हाला यातलं काही जमणार नाही. चौथ्या घरात आता माणूसच उरलेलं नाही. देव आपल्याकडे आले ते राहिलेच. अक्का म्हणायची, "सगळ्यांची वर्षं आपणच करतोय."

इथल्या एका संग्रहालयानं शहरातल्या जुन्या मराठी घरांवर एक दालन करायचं ठरवलं. त्याचं नाव लिहीत नाही. तुम्ही आलात की नेईन. तुमचे बाबा तेव्हा इथं होते. त्यांनी यशवंतपूरच्या काकांना फोन केला, आणि दोघांचं ठरलं की देव संग्रहालयाला द्यावेत. आमच्या दोघींनंतर कोण करणार? एखाद्या लॉकरमध्ये पडून राहतील. मलाही ते पटलं होतं. अजूनही पटतं, म्हणून तर मला कुणावर रागावता येत नाही.

चंपाषष्ठी झाल्यावर संग्रहालयातली मुलगी देव न्यायला आली. प्रदर्शन मांडणं आणि वस्तू सांभाळणं हे तिचं काम. कन्नड मुलगी, फार नीटनेटकी, हातात पांढरे मोजे, आणि टाकांच्या मापाचे खळगे कापलेली मऊ पेटी. अक्कानं मला विचारलं, "कुणाकडून आलीय?"

"संग्रहालयाकडून. देव आता त्यांच्याकडे राहणार, अक्का. बोललो होतो ना आपण?"

"सरी," अक्का म्हणाली, म्हणजे बरं. मुलीकडे पाहून मग मला म्हणाली, "रिकाम्या हातानं आली. लहान आहे, तिला कुणी सांगितलं नसेल. एक नारळ आण आतून."

मी नारळ आणला. अक्कानं तो मुलीच्या हातात दिला आणि लगेच तिच्याकडून परत घेतला. मग तिची ओटी भरली, कपाळाला भंडारा लावला आणि कन्नडमध्ये तिला सगळं समजावलं. रोज आंघोळ. रविवारी भंडारा. षष्ठीला वांग्याशिवाय चालणार नाही. उपाशी ठेवायचं नाही. मुलगी प्रत्येक वाक्याला "आगली, अम्मा", म्हणजे होईल अम्मा, असं म्हणत होती. तुमच्या बाबांनी तिचा आणि अक्काचा फोटो काढला. आम्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारीनं किती समजूतदारपणे निरोप दिला.

त्या नारळाचा अर्थ आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नाही. अक्कानं देव दिले नव्हते. तिनं त्यांना पुढच्या घरी वर्षासाठी पाठवलं होतं. भाऊबंद संपले होते, आणि आता एक नवं घर पुढं आलं होतं. तिला बरंच वाटलं होतं.

त्यानंतर दर रविवारी आम्ही संग्रहालयात जाऊ लागलो. जुना दगडी बंगला, मागं जोडलेली नवी इमारत, आणि तिच्यात जिना दोनदा वळून वर गेल्यावर ते दालन. दारातच अक्का चपला काढी, आणि कुणी अडखळू नये म्हणून मी त्या हातात धरी. पहिल्या दिवशी तिला वरून पडणारा दिवा आवडला नाही. "डोळ्यांवर उजेड. समई खाली ठेवतात, एवढं कळू नये?" तिसऱ्या टाकाखालची पाटी मी तिला वाचून दाखवली: अनोळखी देवता. ती चिडली. "अनोळखी म्हणे! मी रोज न्हाऊ घातलं त्याला. त्यांना विचारायचं तर होतं मला."

"पण तुम्हाला तरी ठाऊक आहे का, तो कोण ते?" मी विचारलं.

"नाव नाही ठाऊक. ओळख आहे."

दर्शन होईपर्यंत ती काही खात नसे. बाहेर आलो की कँटीनमध्ये इडली आणि कॉफी. रखवालदार तिला ओळखू लागले. एक जण तर ती येताना दिसली की म्हणायचा, "अज्जी, देव बरे आहेत." मला हे सगळं फार छान वाटत होतं. मी माझ्या मैत्रिणींना सांगत होते की संग्रहालय कसं असावं तर असं.

चातुर्मास लागला तसं तिनं दरवर्षीसारखं कांदा आणि वांगं सोडलं, ते षष्ठीच्या नैवेद्यापर्यंत. मार्गशीर्ष जवळ आला तशी एक दिवस मला देवघरातून चिंचेचा आंबट वास आला. अक्का फरशीवर बसून देव्हाऱ्याची पितळी कमान घासत होती. शेजारी लाल खणाचा नवा तुकडा होता.

"रविवारी त्या मुलीला सांगायला हवं," ती म्हणाली. "षष्ठीला न्यायला येतो म्हणून. आयत्या वेळी गडबड नको तिची."

मी दारातच उभी राहिले. तेव्हा मला तो नारळ समजला.

रविवारी मी त्या मुलीला आधी फोन करून ठेवला, म्हणजे तिला धक्का बसू नये. तिनं आम्हाला तिच्या खोलीत बसवलं आणि पाणी दिलं. अक्का कन्नडमध्ये बोलत होती. मी मराठीत लिहिते.

"वर्ष झालं बघ. बरे ठेवलेस हं. धूळ बसू दिली नाहीस."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

"अम्मा, ते आता इथंच असतात."

"होते की. षष्ठीला नेते मी. तू नको पोचवायला, आम्हीच येतो. तशीच रीत आहे."

"परत देता येत नाहीत, अम्मा. माझ्या हातात नाही. कपाट उघडायचं झालं तरी मला वर विचारावं लागतं."

"वर कोण? तुमच्यातले थोरले? मी बोलते त्यांच्याशी."

"तसं नाही. ते आता सगळ्यांचे आहेत."

"सगळ्यांचे म्हणजे किती घरं?"

 मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यामुळे माझी आणखी पंचाईत झाली, कारण ती उद्धट असती तर मला भांडता तरी आलं असतं. मी इंग्रजीत विचारलं की एका दिवसासाठी, आमच्या घरी, तुमच्या माणसांच्या देखरेखीखाली नेता येतील का. तिनं नियम सांगितले. ते सगळे बरोबर होते. मी स्वतः संग्रहालय चालवलं असतं तर तेच नियम केले असते. नैवेद्य निदान कपाटापुढे ठेवू द्याल का, असं विचारलं. खाण्याचे पदार्थ दालनात आणता येत नाहीत. मुंग्या येतात, उंदीर येतात, चांदीला वाफ लागते. तेही बरोबर होतं.

"मोजे घालून हात लावला तर?" अक्कानं विचारलं. "तुझ्यासारखे पांढरे. माझ्या हाताचं माप देते."

परत येताना मेट्रोत मी तिला सरळ सांगितलं. लहान मुलासारखं फसवत राहणं मला जमत नाही.

"अक्का, देव आपण देऊन टाकलेत. कायमचे."

"कुणी दिले?"

"आपण सगळ्यांनी. तुम्ही सरी म्हणालात."

"वर्ष देतात, वहिनी. देव कधी देतात का कुणी?" ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "एवढे लोक येतात तिथं. शाळेची मुलं, ते गोरे लोक. सगळ्यांची वर्षं आधी होणार म्हणजे. आणि मी केवढी झाले बघ."

तुमच्या बाबांनी तिकडून मेल लिहिली. सभ्य उत्तर आलं. काकांनीही फोन केला. मी ओळखीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याला भेटून आले, त्यांनी चहा दिला आणि ऐकून घेतलं. जिथं जिथं गेले तिथं माणसं चांगली होती आणि त्यांच्या हातात काही नव्हतं. आयुष्यभर माझी अशी समजूत होती की काम वेळेवर, नीट, योग्य माणसाला सांगितलं की होतं. ती मी तुमच्या बाबांनाही शिकवली. या वेळी सगळं वेळेवर आणि नीट केलं.

आणि त्या वर्षी षष्ठी सोमवारी आली. सोमवारी संग्रहालय बंद असतं. मी अक्काला म्हटलं, आदल्या दिवशी, रविवारी जाऊन दर्शन घेऊ. आम्ही रविवारी गेलोही. पण सोमवारी पहाटे मला वांगी भाजल्याचा वास आला. ती गॅसपाशी स्टुलावर बसून वांगी फिरवत होती.

"फाटकापर्यंत जाऊ देतील ना?" ती म्हणाली. "रस्ता काही बंद नसतो."

रोडगे मी केले. तिला कणीक तिंबणं आता होत नाही. भरीत, रोडगे, कांदा, सगळं डब्यात भरलं, तांब्यात पाणी घेतलं, पुडीत भंडारा. तळी उचलायला घरात एकही पुरुष नाही, म्हणून तळी तेवढी राहिली. अक्कानं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी औषधाची वेळ सांगितली, तशी ती म्हणाली, "त्यांच्याआधी कसं जेवायचं?" तिला ओरडणं शक्य होतं. मी ओरडले नाही, आणि तिनं ऐकलंही नसतं.

फाटकाला कुलूप होतं. नेहमीचा रखवालदार आतून आला.

"इवत्तु रजा, अज्जी. नाळे बन्नी."

"उद्या येऊन काय करू? षष्ठी आज आहे."

त्यानं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "किल्ली साहेबांकडे असते," तो म्हणाला. मग त्यानं आतून एक स्टूल आणलं, पण ते फाटकाच्या सळ्यांमधून बाहेर येईना. त्यानं आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. शेवटी ते तिथंच सोडून तो तसाच उभा राहिला.

अक्का फुटपाथवर उभी राहूनच इमारतीकडे पाहत होती. "कुठं आहेत आपले? तोंड करायला हवं तिकडे."

मी शाळेत भूगोल शिकवत असे. नकाशा, दिशा, उतार, सगळं मुलींकडून घोटून घेत असे. आणि मला सांगता येईना. वर्षभर मी ते दालन आतून पाहिलं होतं. जिना दोनदा वळतो, मग डावीकडे लांब मार्गिका, आणि बाहेरून तर नुसत्या सारख्या खिडक्या. रखवालदाराला विचारलं, त्यानं हात हवेत फिरवला, "तिकडे, वर." अक्का वाट पाहत होती. मी वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या एका खिडकीकडे बोट दाखवलं.

"ती."

अक्कानं चपला काढल्या. डबा उघडून फाटकाच्या चौथऱ्यावर ठेवला, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. रिक्षा जात होत्या. एक रिक्षावाला कुठं जायचं ते विचारायला थांबला, "एल्लीगे अम्मा?", आणि मग काय चाललंय ते पाहून त्यानं इंजिन बंद केलं. अक्का बराच वेळ तशीच होती. मला वाटलं तिला चक्कर येईल, म्हणून मी तिच्या मागं हात धरून उभी होते, न शिवता. मग तिनं खिडकीच्या दिशेनं चिमूटभर भंडारा उधळला. तो वाऱ्यानं परत येऊन आमच्याच अंगावर पडला. तिनं पहिला रोडगा फुटपाथवरच्या कुत्र्याला घातला, कारण खंडोबाच्या कुत्र्याचा मान असतो, आणि त्या कुत्र्यानं तो हुंगून सोडून दिला.

"भरीत लावून द्यायला हवं होतं," ती म्हणाली.

मग त्याच रिक्षातून घरी येऊन ती जेवली. पोटभर जेवली. जवळजवळ पाच महिन्यांनी वांगं खाल्लं, म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतलं. मी निश्चिंत झाले.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा दालनात गेलो. तिनं चपला काढल्या, मी त्या हातात घेतल्या. कुणीतरी एक पाहुणे फोटो काढत होते, त्यांना मी आमचाही एक काढायला सांगितला. तोच तुम्ही पाहिलात. फोटो झाल्यावर अक्कानं मान वळवून भिंतींकडे पाहिलं. एका भिंतीकडे, मग दुसऱ्या.

"खिडकी कुठाय?" तिनं विचारलं.

मीही पाहिलं. चारही भिंती बंद होत्या. उन्हानं वस्तू खराब होतात म्हणून त्या दालनाला खिडकीच नाही. मला हे ठाऊक असायला हवं होतं. प्रकाशाबद्दलची पाटी मी दोनदा तरी वाचली आहे. मी मार्गिकेत जाऊन शोधलं. कोपऱ्यातली ती खिडकी पलीकडच्या दालनाची होती. तिथं शेतांतून आणि तळ्यांतून सापडलेल्या दगडी मूर्ती ठेवल्या आहेत, नाक तुटलेल्या, हात तुटलेल्या, कुठल्या देवळाच्या ते कुणाला माहीत नाही.

मी परत येऊन तिला सांगितलं. दुसरं काय करणार होते?

ती बाकावर बसली. मग म्हणाली, "त्यांना बिचाऱ्यांना कधीपासून काही मिळालं नसेल. पोचलं, बरं झालं."

मला वाटलं संपलं. मी तिच्या चपला तिच्या पायांशी ठेवल्या. ती त्यांत पाय घालेना. काचेआड खंडोबा, भवानी आणि तो तिसरा, वरच्या दिव्याच्या उजेडात, अगदी स्वच्छ होते.

"आपल्यांना मात्र उपास घडला, वहिनी," ती म्हणाली. "आणि मी घरी जाऊन दोनदा वाढून घेतलं."